गाडी ट्रेलर ओढेल, पण थांबवेल का? फॅमिली गाडीमागे छोटा कॅम्पिंग ट्रेलर लावण्याआधी

समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता खुला झाला, त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय म्हणजे नाशकात हॉटेलच्या रूमचे भाव कुठे जातील ते सांगायला ज्योतिषी नको, त्याआधी २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) पर्यटनाचं धोरण काढलं होतंच. या सगळ्यामुळे असेल किंवा मोबाईलवर येणाऱ्या परदेशी व्हिडिओंमुळे असेल, पण आपली आहे तीच गाडी, मागे एक छोटासा झोपायचा डबा, आणि चला वैतरणाच्या काठावर, ही कल्पना बऱ्याच लोकांच्या डोक्यात बसलीय. कल्पना मस्तच आहे. पण जो भेटतो तो एकच प्रश्न विचारतो, "माझी गाडी ओढेल का?"

ओढेल हो. सपाट रस्त्यावर चाकं असलेली वस्तू ओढायला फार ताकद लागतच नाही, चार माणसं मिळून बंद पडलेली गाडी ढकलतातच की. विचारायचे प्रश्न दुसरे आहेत. मागे अर्धा टन लटकलेला असताना गाडी थांबते का, आणि तो अर्धा टन सरळ रेषेत मागे येतो का. या दोन प्रश्नांची उत्तरं इंजिनच्या सीसीत सापडत नाहीत, वजन कुठे ठेवलंय आणि ब्रेक कुणाला आहेत यात सापडतात.

## आधी तीन शब्द, मग पुढे

कर्ब वेट म्हणजे गाडीचं रिकामं वजन, टाकीत इंधन आहे पण माणसं आणि सामान नाही. जीव्हीडब्ल्यू म्हणजे माणसं, सामान सगळं धरून गाडीचं जास्तीत जास्त किती वजन चालेल याचा कंपनीने ठरवलेला आकडा. आणि तिसरा, ज्याच्याकडे कुणीच बघत नाही, तो नोज वेट. ट्रेलरचं पुढचं टोक, म्हणजे त्याचं नाक, गाडीच्या मागच्या बॉलवर जेवढं दाबतं तेवढं वजन. टो बार म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे बसवलेला लोखंडी दांडा, आणि बॉल म्हणजे त्याच्यावरचा तो लोखंडी गोळा, त्याच्यावर ट्रेलरची टोपी बसते. बास, एवढ्यावर सगळा लेख निघून जाईल.

## वजन अंदाजाने नाही, काट्यावर

एक उदाहरण घेऊ. समजा गाडीचं कर्ब वेट १२५० किलो आणि जीव्हीडब्ल्यू १७५०. म्हणजे गाडीत भरायला ५०० किलोची मुभा. पाच माणसं धरा साडेतीनशे, बॅगा साठ, टो बारचं लोखंड वीस, आणि नोज वेट पन्नास. हो, ते नाकावरचं वजनसुद्धा गाडीनेच उचललेलं असतं म्हणून ते गाडीच्याच खात्यात जातं, हे बहुतेक लोक विसरतात. झाले ४८०. आता टपावर कॅरिअर लावून त्यात दोन तंबू टाकले की गाडी ओव्हरलोड, ट्रेलर अजून हललासुद्धा नाही.

आता ट्रेलरकडे या. अंबड किंवा सातपूरच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलात तर तो ट्रेलरवर थाप मारून सांगणार, "तीनशेच्या वर नाही बसणार साहेब, एकदम लाईट केलंय." त्याचंही चुकत नाही, तो सांगाड्याचं आणि पत्र्याचं सांगतो. मग प्लाय लागतो, दार लागतं, स्टेपनी येते, आणि काट्यावर रिकामा ट्रेलर ३८० भरतो. त्यात पाण्याची ४० लिटरची टाकी म्हणजे सरळ ४० किलो, इन्व्हर्टरची शंभर अँपियरची बॅटरी साधारण तीस, छोटं सिलिंडर आणि शेगडी वीस, गाद्या-खुर्च्या-टेबल पन्नास, भांडी, किराणा, बर्फाचा डबा चाळीस. बेरीज ५६०. "तीनशेचा" ट्रेलर.

म्हणून पहिल्या प्रवासाआधी, पूर्ण भरलेला ट्रेलर, पाण्यासकट, भुईकाट्यावर न्यायचा. नाशिक जिल्ह्यात भुईकाट्यांची काय कमी, कांद्याच्या कृपेने प्रत्येक मार्केट यार्डाच्या आसपास असतोच. आधी गाडी आणि ट्रेलर दोन्ही, मग गाडीपासून सोडवून नुसता ट्रेलर. काटेवाला जरा विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

५६० जास्त की कमी? ब्रिटनमध्ये ज्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत त्याचं भरलेलं वजन ७५० किलो किंवा गाडीच्या कर्ब वेटच्या निम्मं, यातला जो आकडा लहान असेल त्याच्यावर जाता येत नाही. आपल्या उदाहरणात निम्मं म्हणजे ६२५. म्हणजे आपला हा "छोटासा" डबा त्या रेषेच्या अगदी जवळ आलाय. मॅन्युअलमध्ये कंपनीने याहून कमी आकडा दिला असेल तर तोच शेवटचा शब्द. आणि ब्रेकवाला मोठा कॅराव्हॅन असेल तर नवख्यांना तिकडे सल्ला देतात की भरलेलं वजन गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा.

## नाकावरचं वजन, म्हणजेच बैलगाडी उलाळ होऊ न देणं

ज्यांनी लहानपणी गावाकडे बैलगाडीत उसाच्या मोळ्या किंवा खताच्या गोण्या भरताना बघितल्यात त्यांना हे शिकवायची गरजच नाही. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेला फास बसतो आणि ती ओढूच शकत नाहीत. पुढे जास्त भरलं तर सगळा दाब मानेवर, बैल गुडघ्यावर येतात. जाणता गाडीवान भरताना जू हाताने उचलून बघतो, मग एखादी गोणी पुढे-मागे सरकवतो. कॅम्पिंग ट्रेलरचं शास्त्र हेच आहे, फक्त बैलांच्या जागी तुमच्या गाडीची मागची चाकं आहेत, आणि वेग ऐंशीचा आहे.

किती दाब हवा? युरोपात छोट्या कॅराव्हॅनला त्याच्या भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के सांगतात, अमेरिकेत १० ते १५. फरक असण्याचं कारण तिकडच्या गाड्या, वेग आणि ट्रेलर जोडायची पद्धत वेगळी. आपल्या फॅमिली गाडीला ७ ते १० टक्के धरलं तर ५६० किलोला चाळीस ते पंचावन्न किलो झाले. गाडीच्या किंवा टो बारच्या प्लेटवर यापेक्षा कमी आकडा लिहिलेला असेल तर तो पाळायचा, मग ट्रेलरमधलं सामान कमी करायला लागलं तरी चालेल.

मोजायचं कसं तर घरातला बाथरूमचा वजनकाटा आणा. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना पुढून-मागून दगड लावलेले. काट्यावर एक फळी, फळीवर लाकडाचा ठोकळा, आणि त्या ठोकळ्यावर ट्रेलरची टोपी टेकवायची. ठोकळ्याची उंची अशी घ्या की टोपी जमिनीपासून बरोबर तेवढीच उंच राहील जेवढा गाडीचा बॉल आहे, ट्रेलर नाकावर झुकलेला किंवा वर बघत असेल तर आकडा खोटा येतो. ठोकळा घसरतो, त्यामुळे तुमचा पाय त्याच्याखाली नको, आणि हे काम दोघांनी करा.

आता गंमत बघा. समजा आकडा ४५ आला, छान. मग कुणीतरी म्हणालं की पाण्याची टाकी मागच्या बाजूला, किचनखाली असली तर सोयीची पडेल, बहुतेक डिझाईनमध्ये किचन मागेच असतं. चाकापासून बॉलपर्यंत अंतर अडीच मीटर आणि टाकी चाकाच्या मागे एक मीटर वीस सेंटीमीटर. ४० किलो गुणिले १.२ भागिले २.५, म्हणजे नाकावरून १९ किलो गेले. ४५ चे २६ झाले. एका टाकीने. आणि रात्री पाणी वापरून संपवलं की सकाळी परत ४५. म्हणजे एकाच ट्रेलरचा स्वभाव जाताना एक आणि येताना दुसरा. म्हणून टाकी, बॅटरी, स्टेपनी असल्या जड वस्तू चाकाच्या वर किंवा किंचित पुढे, आणि खाली, जमिनीलगत. वरच्या कपाटात फक्त हलकं. दोन्ही टोकांना जड ठेवून मधे रिकामं ठेवायची आयडियापण वाईटच, काट्यावर आकडा बरोबर दिसेल पण एकदा डुलायला लागला की थांबायला जास्त वेळ घेतो.

जास्त नोज वेटचंही कौतुक नको. आपल्या बहुतेक फॅमिली गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. बॉल मागच्या चाकांच्या बराच मागे असतो, त्यामुळे तिथे दाबलं की पुढचं टोक थोडं उचललं जातं. पुढची चाकं हलकी म्हणजे स्टिअरिंग हलकं, ओल्या चढावर चाक जागेवर फिरणार, आणि रात्री हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात.

## ट्रेलर शेपटी हलवायला लागतो तेव्हा

मागचा डबा डावीकडे-उजवीकडे हेलकावे खायला लागतो, प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा, आणि तिसऱ्या-चौथ्याला गाडीचं मागचं टोकच ओढून नेतो, असे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. इंग्रजीत याला स्वे म्हणतात.

यात समजून घ्यायची गोष्ट एकच. प्रत्येक गाडी-ट्रेलर जोडीचा एक ठरलेला वेग असतो. त्याच्या खाली ट्रेलर डुलला तरी आपोआप शांत होतो. त्याच्या वर गेलात की डुलणं आपोआप वाढतं. हा वेग कुठे लिहिलेला नसतो. नोज वेट कमी असेल, मागे जड असेल, गाडीच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर तो खाली येतो. म्हणूनच "पासष्टला एकदम मख्खन चालते" याचा पंच्याऐंशीला काही उपयोग नाही. सगळं ठीक चाललेलं असतं, बाजूने एखादी लक्झरी बस झपकन पुढे जाते, तिच्या हवेचा धक्का बसतो, आणि तुम्ही नेमके त्या रेषेच्या वर असता. समृद्धीवर इगतपुरीच्या बाजूला बोगद्यातून बाहेर पडून एकदम उंच पुलावर येतो तिथे आडवा वारा असाच अचानक लागतो. आणि तिथे छोट्या गाड्यांना मोकळ्या भागात १२० ची परवानगी आहे म्हणून तुम्ही ट्रेलर घेऊन शंभरला जायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये, जिथे रस्ते आणि ट्रेलर दोन्ही मुरलेले आहेत, तिथे मोटरवेवर कॅराव्हॅनला ६० मैल म्हणजे ९६ किलोमीटरची मर्यादा आहे, साध्या दुपदरी रस्त्यावर ५० मैल म्हणजे ८०. आपल्याकडे, अचानक येणारी दुचाकी आणि उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर धरून, सत्तर पुरे. घाई असेल तर ट्रेलर घरी ठेवा.

झालंच असं, तर अॅक्सिलेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरून ठेवा, आणि वाट बघा. ट्रेलर उजवीकडे गेला म्हणून स्टिअरिंग डावीकडे, असं करायचा मोह होतो, करू नका, तुमची प्रत्येक दुरुस्ती उशिरा पोचते आणि हेलकाव्यात भर घालते. जोरात ब्रेक मारला तर गाडी हळू होते आणि बिनब्रेकचा ट्रेलर मागून ढकलतो. वेग वाढवून "सरळ करून घेतो" म्हणणारे तर भेटूच नयेत. वेग उतरला की बाजूला थांबून आधी आतलं सामान बघा, बहुतेक वेळा काहीतरी सरकलेलं असतं.

## "पण माझ्याकडे डिझेल आहे, टॉर्क भरपूर आहे"

टॉर्क चढायला लागतो. कसारा घाट चढताना तो उपयोगी पडतो हे मान्य, उन्हाळ्यात एसी बंद करून, टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवून चढून जाल. पण त्याच घाटाने उतरायचंय.

इगतपुरी ते कसारा उंचीचा फरक साधारण ३०० मीटर. एवढं खाली उतरताना जी ऊर्जा मोकळी होते ती, गाडी कितीही जड असो, ताशी ८० वरून पूर्ण थांबण्याच्या जवळपास बारा पट भरते. म्हणजे अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर थोड्याच मिनिटांत बारा वेळा ऐंशीवरून शून्यावर आणल्याइतकी उष्णता त्या चार चाकांत गेली. वाऱ्याचा अडथळा आणि इंजिन थोडा भार घेतात, पण तरीही. आता १७०० किलोच्या भरलेल्या गाडीमागे ५६० चा बिनब्रेकचा ट्रेलर म्हणजे तेवढ्याच ब्रेकवर आणखी एक तृतीयांश भार. कंपनीने ते ब्रेक १७५० साठी बनवलेत, २२६० साठी नाही. आधी जळका वास येतो, मग पेडल स्पंजसारखं आत जायला लागतं, कारण ब्रेक ऑईल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही.

उपाय जुना आहे, ट्रकवाल्यांचा. घाट सुरू व्हायच्या आधी, वरच, खालचा गिअर टाकायचा, दुसरा किंवा तिसरा, आणि इंजिनलाच गाडी धरून ठेवू द्यायची. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोड किंवा एल. ब्रेक मारायचा तो थोडा वेळ नीट दाबून, मग पूर्ण सोडून, सतत हलका पाय ठेवून नाही. न्यूट्रलवर घाट उतरवून पेट्रोल वाचवणारी जमात अजून शिल्लक आहे, त्यांना ट्रेलर देऊच नये. समृद्धीचा बोगदा घेतला तर घाटाची वळणं चुकतात हे खरं, पण उंची तर तेवढीच उतरायची असते, फक्त उतार सौम्य आणि लांब होतो, आणि लांब उतारावर वेग कधी वाढला ते कळत नाही. ऐंशीच्या वेगात साठच्या मानाने जवळपास पावणेदोन पट ऊर्जा असते.

पैसे खर्च करायचेच असतील तर गादी, सोलर आणि फेअरी लाईटच्या आधी ट्रेलरला ब्रेक लावून घ्या. एक प्रकार असा की गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे ढकलला जातो, त्या ढकलण्यानेच एक दांडा आत सरकतो आणि केबल ओढून ट्रेलरचे ड्रम ब्रेक लागतात, याला ओव्हररन ब्रेक म्हणतात, वायर लागत नाही, छोट्या ट्रेलरला हा बरा. दुसरा इलेक्ट्रिक, त्याला गाडीत कंट्रोलर बसवावा लागतो, पण स्वे झाल्यावर फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावता येतो हा त्याचा मोठा फायदा.

## "पण ट्रॅक्टर तर रोज चार टन कांदा ओढतो"

ओढतो, वीस-पंचवीसच्या वेगाने. ट्रॅक्टर स्वतः जड, मोठी चाकं, गिअर इतके खालचे की ॲक्सिलेटर सोडला की जागेवर उभा. आणि तरी पिंपळगाव-लासलगावच्या रस्त्यांवर सीझनमध्ये उलटलेल्या ट्रॉल्या दिसतातच. ट्रॅक्टरचा पिन आणि कडीचा जॉइंट गाडीला लावून देणारे कारागीर आहेत, त्यांना हात जोडा. त्या जॉइंटमध्ये मुद्दाम ढिलाई ठेवलेली असते, शेतात खाचखळग्यात ती लागतेच, पण सत्तरच्या वेगात ती ढिलाई म्हणजे प्रत्येक ब्रेकला एक हातोडा.

## "फॉरेनमध्ये तर हॅचबॅकला लावतात"

लावतात, आणि हाच सगळ्यात चांगला आक्षेप आहे. पण तिकडे ती हॅचबॅक ट्रेलर ओढायला पास झालेली असते. युरोपात कंपनीला जो ओढण्याचा आकडा छापायचा असेल तेवढं वजन मागे लावून, १२ टक्क्यांच्या चढावर, पाच मिनिटांत पाच वेळा थांबून परत निघता आलं पाहिजे. क्लच जळला तर तो आकडा मिळत नाही. शिवाय बॉडीत टो बार लावायच्या जागा आधीच ठरलेल्या असतात आणि गाडीच्या स्टॅबिलिटी सिस्टीममध्ये बऱ्याचदा ट्रेलर डुलायला लागला की ओळखायचं प्रोग्रॅमिंगही असतं. त्याच नावाची गाडी आपल्याकडे येते तेव्हा हे सगळं असेलच असं नाही. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असंच स्पष्ट लिहिलेलं असतं. ग्लोव्ह बॉक्समधलं ते जाडजूड पुस्तक एकदा काढाच. तिथे आकडा नसेल किंवा नाही म्हटलं असेल तर माझं मत सरळ आहे, त्या गाडीला नका लावू, टपावरचा तंबू घ्या किंवा ट्रेलर ओढायला परवानगी असलेली गाडी भाड्याने बघा.

इथे बॉडीचा प्रकारही महत्त्वाचा. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांना खाली जाड लोखंडी शिडी असते, वर बॉडी ठेवलेली. अर्टिगा, क्रेटा वगैरेंना अशी वेगळी शिडी नसते, पत्राच वाकवून, जोडून सगळी ताकद उभी केलेली असते, याला मोनोकॉक म्हणतात. अशा गाडीला वाटेल तिथे भोक पाडून किंवा वेल्डिंग करून टो बार लावला की आज दिसत नाही, पण दोन पावसाळ्यांनी पत्रा फाटायला लागतो. बंपरला लावतो म्हणणाऱ्याकडून तर लगेच निघा, बंपर प्लास्टिकचा असतो.

## बॉल, साखळी आणि दिवे

बॉलवर साईज कोरलेली असते, ती वाचा. ५० मिलिमीटरचा बॉल एक आणि अमेरिकन मापाचा दोन इंची म्हणजे ५०.८ चा दुसरा. डोळ्याला सारखेच. पण ५० च्या बॉलवर दोन इंची टोपी बसवली तर ती वरवर लॉक होते आणि मोठ्या खड्ड्यात उडून सुटू शकते. ऑनलाईन बॉल एकीकडून आणि टोपी दुसरीकडून मागवली की नेमकं हे होतं.

टोपी लॉक झाली का हे खटक्याच्या आवाजावर ठरवू नका. लॉक करा आणि मग ट्रेलरच्या पुढच्या छोट्या चाकाचा जॅक फिरवून नाक वर उचला. गाडीचं मागचं टोक त्याच्याबरोबर वर यायला लागलं तर लॉक पक्कं. टोपी एकटीच वर आली तर... तर बरं झालं इथेच कळलं. मग ते छोटं चाक पूर्ण वर घेऊन आवळा. सुरक्षेच्या दोन साखळ्या बॉलच्या खालून एकमेकींना फुलीसारख्या छेदून लावायच्या, म्हणजे ट्रेलर सुटलाच तर नाक जमिनीत रुतायच्या ऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतं. वळताना ताणल्या जाणार नाहीत इतक्या सैल, जमिनीला घासणार नाहीत इतक्या घट्ट.

दिव्यांसाठी सात पिनचा प्लग असतो. नव्या गाडीच्या मागच्या लाईटच्या वायरला थेट जोड मारू नका, गाडीचा कॉम्प्युटर वाढलेला भार बघून एरर देतो किंवा फ्यूज जातो, वेगळं मॉड्यूल मिळतं ते लावा. इंडिकेटर दिला आणि ब्रेकलाईटही मंद लुकलुकायला लागली तर नव्वद टक्के अर्थिंगची वायर ढिली आहे.

टायरबद्दल थोडक्यात. टायरच्या बाजूवर मापानंतर एक आकडा असतो, त्यावरून टायर किती वजन घेतो ते कळतं. जुन्या आल्टोला यायचा तो १२ इंची टायर, १४५/८० आर१२, त्यावर ७४ लिहिलेलं असतं म्हणजे एक टायर ३७५ किलो. दोन मिळून ७५०, आपल्या ५६० ला पुरतात. पण ट्रेलर वर्षातून दहा महिने उभाच असतो, टायरची नक्षी नवी दिसते आणि रबर मात्र उन्हाने चिरलेलं असतं, नक्षीकडे बघू नका, तारखेकडे बघा.

## "आरटीओला कशाला कळतंय"

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं, एमएच-१५ ची स्वतःची नंबर प्लेट लागते. चांगली गोष्ट अशी की खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर हा प्रकार केंद्राच्या यादीत नॉन-ट्रान्सपोर्ट वाहनांत धरलाय, म्हणजे ट्रकसारखं परमिटचं लफडं नाही. पण त्यासाठी ट्रेलरच्या डिझाईनला पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी असायला हवी, म्हणून विकणाऱ्याला किंमत विचारण्याआधी अप्रूव्हलचे कागद विचारा. "रजिस्ट्रेशन होऊन जाईल, टेन्शन नका घेऊ" हे उत्तर कागद नसल्याचं आहे.

गाडीत केलेला बदल कलम ५२ खाली येतो, आणि परवानगीशिवाय बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. दंड परवडेल हो, खरा प्रश्न विम्याचा. कंपनीने ओढू नका म्हटलेल्या गाडीमागे नोंदणी नसलेला ट्रेलर, आणि तो सुटून कुणाच्या अंगावर गेला, तर क्लेमचं काय होईल याचा विचार आधी करा. विमा कंपनीला ईमेल टाकून लेखी विचारा, एजंटच्या तोंडी "हो हो"वर जाऊ नका.

## पहिल्यांदा कुठे न्यायचा

आधी कुठेच नाही. मोकळं मैदान बघा आणि रिव्हर्स शिका. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं आणि डोकं हे मान्य करत नाही. सोपा उपाय म्हणजे हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, मग हात ज्या दिशेला न्याल त्या दिशेला ट्रेलर जातो. ट्रेलर जितका छोटा तितका रिव्हर्सला अवघड, कारण तो चटकन दुमडतो, हे ऐकून लोकांना खरं वाटत नाही. मागे एक माणूस उतरवाच, आणि त्याला सांगा की आरशात दिसशील असा उभा राहा, ट्रेलरच्या मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडून उपयोग नाही.

मग सकाळी लवकर, रहदारी नसताना, गंगापूर धरण, गिरणारे असा छोटा फेरा. वळणावर ट्रेलर आतून कापतो, त्यामुळे दुभाजकाच्या टोकाला आणि कडेच्या भाजीच्या गाड्यांना जागा सोडून रुंद वळण घ्यायचं. गावातले स्पीड ब्रेकर म्हणजे वेगळंच प्रकरण, गाडीची मागची चाकं ओलांडून गेली की बॉल खाली येतो आणि साखळ्या, प्लग, छोटं चाक खालून घासतं, अगदी पायी चालायच्या वेगाने घ्या. पाच-सात किलोमीटर झाले की थांबून ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या. दोन्हीकडे सारखं कोमट असेल तर ठीक. एका बाजूला हात धरवत नसेल तर त्या चाकाचं बेअरिंग कोरडं आहे किंवा ब्रेक धरून बसलाय. बॉलची टोपी, साखळ्या आणि चाकाचे नटही तिथेच बघून घ्या, नवीन ट्रेलरचे नट पहिल्या पन्नास किलोमीटरमध्ये हमखास थोडे सैल होतात.

हे नीट जमलं की दिंडोरी रस्ता, मग त्र्यंबक, मग घोटीवरून भंडारदरा. सप्तशृंगी गडाचा घाट आणि सापुतारा मात्र ट्रेलरला ब्रेक बसवल्याशिवाय नाही. कसारा उतरून मुंबईकडे जायचं असेल तर पाण्याची टाकी इगतपुरीला रिकामी करून निघा आणि खाली उतरून भरा, चाळीस किलो तेवढेच कमी. फक्त टाकी रिकामी केल्यावर नाकावर किती किलो येतात ते घरीच मोजून ठेवलेलं असू द्या.